मिनिटाला साठ शब्द, पण मोजणारा कान कोणाचा?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारपुढे एक साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात केवळ अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खड्ड्यात जाऊन पडतात. शिक्षणावर सरकार माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी त्याच भाषणात सुनावले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठवड्याभरात झाला. तळ्याचे पाणी आपल्याला पाठ आहे. कौन्सिलातला हा हिशेब मात्र चळवळीच्या व्यासपीठावर फारसा निघत नाही.

त्या भाषणात बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणाची एक कसोटीही सांगितली होती. शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि जन्मभर साक्षर राहिले पाहिजे. आजच्या सरकारी भाषेत बोलायचे तर ही अध्ययन निष्पत्ती झाली. फरक एवढाच की बाबासाहेबांनी कसोटी लावली ती सरकारला, आणि आज ती लावली जाते सात-आठ वर्षांच्या पोराला.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत देशातले तिसरीचे प्रत्येक मूल समजून वाचू शकेल आणि साधे हिशेब करू शकेल, हे त्याचे लक्ष्य. तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान साठ शब्द या वेगाने, बिनचूक आणि समजून वाचावा, असा त्याचा निकष आहे. दुसरीसाठी पंचेचाळीस ते साठ शब्द. महाराष्ट्राने याला ‘निपुण महाराष्ट्र’ असे नाव दिले. मुदत संपत आल्याची जाणीव झाल्यावर मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ३० जूनपर्यंतचा कृती कार्यक्रम काढला. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई आणि खानदेशचे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन ज्या महिन्यांत असते, नेमके तेच महिने वाचन शिकवायला निवडले गेले. असो.

मुद्दा असा की निकष हा आपला शत्रू नाही. आपल्यातले काही मित्र निकषाचे नाव काढले की लगेच ‘हे सर्व जागतिक बँकेचे कारस्थान’ म्हणून हात झटकतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. निकष नसलेली शाळा सर्वांत जास्त कोणाला फसवते? ज्याच्या घरात वाचणारे कोणी नाही त्याला. डॉक्टरच्या मुलाला शाळेने वाचायला शिकवले नाही तर आई शिकवते, शिकवणी लावली जाते. सालदाराच्या मुलीला शाळेने शिकवले नाही तर तिला कोणीच शिकवत नाही. मुक्ता साळवेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजाची चौदा वर्षांची मुलगी. शाळेत येऊन तिला तीन वर्षे झाली होती. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तिचे वय तिसरीच्या मुलापेक्षा जास्त होते हे खरे, पण तीन वर्षांच्या शाळेतून काय निघू शकते याचा निकष आपल्याच एका लेकीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी घालून दिला आहे. तेव्हा निकष हवाच. तो कसा मोजला जातो आणि तो गाठण्यासाठी वर्गात काय केले जाते, हा वादाचा विषय आहे.

निकषांची महाराष्ट्राला नवलाई नाही. दवे समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमता ठरवल्या, त्यावरून राज्यात १९९५ चा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. शिक्षकांनी क्षमतांचे तक्ते भरले. पुढे ज्ञानरचनावाद आला, साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून गाड्या गेल्या, वर्गाच्या फरशा रंगल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला आणि शाळा ‘प्रगत’ घोषित होऊ लागल्या. २०१७ मध्ये एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आल्या, त्या बालभारतीच्या पुस्तकांत छापल्या गेल्या. प्रत्येक वेळी शब्द बदलले, रकाने बदलले. पोराच्या हातातले पुस्तक मात्र बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवून घेण्यापुरतेच राहिले.

‘असर’च्या पाहणीचे देशपातळीवरचे आकडे पाहा. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे एकवीस होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती सोळावर आली आणि २०२४ मध्ये तेवीसवर गेली. सुधारणा झाली, ती नाकारायचे कारण नाही. पण १९२७ चा अठराचा आकडा आणि आजचा तेवीसचा आकडा शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा मूल शाळा सोडून जात होते आणि गळती डोळ्यांना दिसत होती. आज शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यामुळे मूल पटावर राहते, खिचडी खाते, गणवेश घेते, वर्गामागून वर्ग चढते, आणि गळती होते ती वर्गात बसल्याबसल्या. हजेरीपटावर तिची नोंद होत नाही.

ही गळती शिक्षकाच्या आळसामुळे होते असे म्हणणे सोपे आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ काढून वाचा. शिक्षकाने ठरलेल्या वेळेत सर्व अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे त्यात आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवावे, असेही त्याच कलमात आहे. ज्या शाळेत दोन शिक्षक आणि पाच वर्ग आहेत, तिथे या दोन्ही आज्ञा एकाच वेळी कशा पाळायच्या? तपासणीला येणारा अधिकारी विचारतो, पाठ किती झाले? पाठांची संख्या वहीत दिसते, पोराच्या डोक्यातला उजेड वहीत दिसत नाही. म्हणून पाठ संपतात आणि पोर मागे राहते.

आता खानदेशात या.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घरोघरी अहिराणी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली सुमारे साडेअठरा लाख लोकांची मातृभाषा मोजली गेली. ज्यांनी नुसते ‘मराठी’ सांगितले ते वेगळेच. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा बोली, चाळीसगाव-पाचोरा-जामनेरच्या तांड्यांवर बंजारा, सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा-शिरपूरकडे पावरी आणि भिलांच्या बोली. अहिराणी ही कोण्या एका जातीची नाही. पाटलाच्या वाड्यात तीच, बौद्ध वस्तीत तीच आणि भिलाटीतही तिचाच सूर.

या अहिराणीत ‘ळ’ नाही म्हटले तरी चालेल. ‘डोळा’ म्हणजे ‘डोया’, ‘सकाळ’ म्हणजे ‘सकाय’. इतकेच काय, जळगावला ‘जयगाव’ आणि धुळ्याला ‘धुये’ म्हणतात. दोन्ही जिल्ह्यांच्या नावांत जे अक्षर बसले आहे, ते अक्षर तिथल्या पोराच्या तोंडात नाही. ‘ण’चेही तसेच, ‘पाणी’ हे ‘पानी’च असते. आता दुसरीतल्या पोरीसमोर कागद ठेवला, त्यावर ‘धुळे’ लिहिले आहे आणि ती ठणठणीत आवाजात ‘धुये’ म्हणाली. तिने शब्द वाचला की चुकला? तिने अक्षरे ओळखली, शब्द जोडला, अर्थ लावला आणि तो आपल्या तोंडाने उच्चारला. वाचन म्हणतात ते यालाच. पण तपासणाऱ्याच्या हातातल्या कागदावर त्या शब्दापुढे फुली पडण्याची भीती असते. अशा चार-पाच फुल्या पडल्या की मिनिटाला साठ बिनचूक शब्दांचे गणित कोसळते आणि पोरगी ‘अप्रगत’च्या रकान्यात जाते.

यावर काही विद्वान म्हणतील, मग शुद्ध बोलायला शिकवायचे नाही का? त्यांना एक प्रश्न विचारतो. ‘भाषा’ या शब्दातला ‘ष’ पुण्यात कोण ‘ष’ म्हणून उच्चारतो? सगळे महाराष्ट्र ‘भाशा’च म्हणते. ‘ऋषी’ला ‘रुशी’ म्हणते. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चिमणी’तला ‘च’ वेगळे उच्चारायचे, हे कोणत्या अक्षरात लिहिले आहे? लिपी आणि उच्चार यांत सगळ्यांच्याच तोंडी अंतर आहे. पण प्रमाणभाषा बोलणाऱ्याचे अंतर हा नियम ठरतो आणि खानदेशच्या पोराचे अंतर हा अडाणीपणा ठरतो. ‘पानी’ म्हटल्यावर वर्गात पिकलेले हसू आपल्यापैकी किती जणांनी झेललेले आहे, हे आपले आपण आठवून पाहावे. ‘ण’ आणि ‘न’ हे महाराष्ट्रात नुसते वर्ण नाहीत. माणूस कोणत्या आळीतून आला, हे ओळखण्याची ती जुनी खूण आहे.

त्यात पुन्हा चावडी वाचन. निपुणच्या कार्यक्रमात मुलांनी गावकऱ्यांसमोर, चावडीवर वाचून दाखवायचे असते. कल्पना वाईट नाही. ज्या चावडीच्या पायरीखाली आपल्या आज्या-पणज्यांनी हातात काठी घेऊन उभे राहायचे, तिथे आपले पोर पुस्तक घेऊन वर उभे राहते, हे दृश्य कोणाला आवडणार नाही? पण त्याच चावडीवर पोर अडखळले, किंवा ‘डोळे’ला ‘डोये’ म्हणाले आणि हशा पिकला, तर ते पोर पुन्हा तोंड उघडायचे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे असे लिहिले आहे. शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे, असेही तिथेच आहे. चावडीवर कोणते पोर उभे करायचे आणि कोणत्या तयारीनिशी, हे ठरवताना ही कलमे कितीशी आठवली जातात?

साठ शब्दांच्या आकड्याचे मूळही पाहायला हवे. मिनिटाला किती शब्द वाचले ते घड्याळ लावून मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या शाळांत रुजली. २००६ च्या सुमारास अमेरिकन मदत संस्था आणि जागतिक बँकेच्या पाठबळावर ती ‘इग्रा’ या नावाने गरीब देशांत आली. इंग्रजीत शब्द आखूड आणि सुटे असतात. मराठीत ‘शाळेतल्यासारखे’ हा एकच शब्द, त्याच्या इंग्रजीत चार शब्द होतील. म्हणजे इंग्रजीचे साठ आणि मराठीचे साठ यांत भाराचा फरक आहे. ही गोष्ट दिल्लीलाही कळली. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला, वीस भाषांत मुलांना वाचायला लावले आणि भाषेगणिक वेगळे टप्पे काढले. भाषेगणिक आकडा बदलतो हे मान्य झाले असेल, तर बोलीगणिक मोजणाऱ्याचा कान बदलायला हरकत कसली? तपासणीच्या सूचनांत एका ओळीची भर घालायची आहे: घरच्या बोलीतला उच्चार ही वाचनाची चूक धरू नये. त्याला एक पैसा खर्च नाही.

लिपीचेही तसेच. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. आपल्याकडे बाराखडी मांडली की चारशेच्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळी. कन्नड लिपी अशीच आहे. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की या प्रकारच्या लिपीवर पकड यायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो. आपल्या वर्गात मात्र पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरे आणि वर्षाअखेर बाराखडी उरकायची घाई असते. ‘ज्ञ’पर्यंत पोहोचले की शिकवणे संपले. त्यानंतर ज्याला आले त्याला आले.

मग शिकवायचे कसे? याची उत्तरे परदेशातून आणायला नकोत, ती महाराष्ट्रात आहेत. डॉ. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ फलटणला स्थायिक झाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दलित वस्तीतली शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुले त्यांनी जवळ घेतली. त्यातून पुढे १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांनी मुळाक्षरांचा ‘अ-आ-इ-ई’ हा क्रम बाजूला ठेवला आणि ज्यांतून लगेच शब्द तयार होतात अशी थोडी अक्षरे एकत्र शिकवली. ‘र, म, ब, क’ आणि काना, एवढेच घ्या. रमा, बाबा, मामा, काका, काम, मका, बकरा, बाक. चार अक्षरे आणि एक काना, पण पहिल्या पंधरवड्यातच पोराच्या हातात आठ शब्द आणि त्यांतून एखादे वाक्य. जुन्या क्रमाने ‘म’ यायला मार्गशीर्ष उजाडतो.

दुसरी गोष्ट, पोराचे बोलणे आधी कागदावर उतरवणे. पोरगी म्हणाली, ‘मनी माय वावरमा जास.’ बाईंनी ते तसेच फळ्यावर लिहायचे. पोरगी ते वाचेल, कारण शब्द तिचेच आहेत. मग त्याखाली ‘माझी आई शेतात जाते’ असे लिहायचे आणि दोन्ही वाचून घ्यायची. ‘वावरमा’ आणि ‘शेतात’ शेजारी शेजारी बसले की प्रमाणभाषा ही घरच्या बोलीला हाकलून लावणारी न राहता तिच्या शेजारची होते. ‘ळ’ही असाच शिकवता येतो. आपण ‘डोया’ म्हणतो, पुस्तक ‘डोळा’ लिहिते, लिहिताना हे अक्षर काढायचे. हसायचे काहीच नाही त्यात. ब्राझीलच्या अंगिकोस गावात पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये तीनशे मजुरांना सुमारे चाळीस तासांत वाचायला शिकवले, तेही मजुरांच्याच जगण्यातले शब्द घेऊन. आणि फ्रेरीपर्यंत तरी कशाला जायचे? जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बोलत गेल्या, घरच्यांनी उतरवून घेतले आणि १९५२ मध्ये त्याचे पुस्तक झाले. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची बोली पाठ्यपुस्तकात आली की तिला काव्य म्हणतात. तीच बोली पोराच्या वहीत आली की लाल शाईने खोडतात.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथून २००७ पासून काम करणारी ‘क्वेस्ट’ संस्था आहे. २०११ नंतरच्या काही वर्षांत वाडा आणि कर्नाटकातले यादगीर अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या वर्गांचा सलग अभ्यास झाला. त्यातले निरीक्षण आपल्याला घरच्यासारखे ओळखीचे वाटेल. वर्गाचा वेळ अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरचे उतरवण्यात जातो. वाचलेल्याचा अर्थ काय, यावर मुलांशी बोलणे फारच थोडे होते. मूल सुंदर अक्षरात असे काही लिहून आणते जे त्याला वाचता येत नाही. खानदेशातल्या कोणत्याही वस्तीशाळेत जाऊन तिसरीच्या पोराची वही उघडा आणि त्यानेच लिहिलेली ओळ त्याला वाचायला सांगा.

सातपुड्यातल्या पोराची गोष्ट आणखी कठीण आहे. अहिराणी पोराला मराठी निदान कानावरून गेलेली असते. पावरी बोलणाऱ्या पोराला ती पहिलीच्या वर्गातच पहिल्यांदा भेटते. धुळे जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ मध्ये जवळपास एक तृतीयांश आदिवासी होते आणि साक्षरता सुमारे ७३ टक्के, जळगावची ७८, राज्याची ८२. त्यात भर स्थलांतराची. दिवाळी झाली की साक्री, शिरपूर, चाळीसगावकडची कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात, कोणी गुजरातेत, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. मूल बरोबर जाते, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबते. त्याआधी कापसाची वेचणी असतेच. शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. पण ज्या मुलाने वर्षातले चार-पाच महिने शाळाच पाहिली नाही, त्याच्यासमोर मार्चमध्ये घड्याळ लावून बसायचे आणि निकाल त्याच्या नावावर टाकायचा, हा कोणता न्याय?

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि महाराष्ट्रात रान पेटले. २९ जूनला शासनाने निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विरोध झाला ते बरेच झाले. पण त्या अडीच महिन्यांच्या गदारोळात पहिलीच्या पोराला तिसरी भाषा हवी की नको यावरच सगळे बोलले. त्या पोराची पहिली भाषा कोणती, हे मुंबई-पुण्याच्या कोणत्या पुढाऱ्याने विचारले? मराठीचा अभिमान मिरवणाऱ्यांना ‘धुये’ म्हणणारे पोर मराठी वाटते का, हेही एकदा विचारून पाहायला हवे.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण दुसऱ्याला बोल लावून आपण सुटत नाही. जळगाव-धुळ्याच्या जिल्हा परिषद शाळांत आपल्या समाजाचे शिक्षक कमी नाहीत. पतसंस्थेत, संघटनेत, जयंती मंडळात ते पुढे असतात. यांतल्या बहुतेकांची मुले इंग्रजी शाळेत जातात. जावोत, कोणाच्या मुलाने कुठे शिकावे हे सांगणारा मी कोण? पण परिणाम असा झाला की गावच्या शाळेच्या पटावर उरली ती भिलांची, मातंगांची, तांड्यावरची आणि आपल्यातल्याच भूमिहीनांची पोरे. ज्या पालकांचा आवाज सरपंचापर्यंत पोहोचतो, ते पालक त्या शाळेतून निघून गेले. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, मुलांत मिसळणारा आणि त्यांच्या गरजा ओळखणारा असावा, अशी मागणी केली होती. बहुजनांतला शिक्षक वर्गात आला खरा. तो पोराच्या बोलीत बोलतो का? की वर्गात शिरताना तो स्वतःचीच बोली चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो?

शिक्षकांची बाजूही खोटी नाही. निवडणूक, जनगणना, आपत्ती याखेरीज अन्य कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे कायद्याचे कलम २७ म्हणते. प्रत्यक्षात रोजचा अर्धा जीव माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात जातो. त्यात २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची टांगती तलवार. राज्यात अशा शाळा सुमारे पंधरा हजार. शाळाच राहील की नाही याची खात्री नसलेल्या शिक्षकाला आपण वर्णगट शिकवायला सांगतो आहोत, याचेही भान ठेवले पाहिजे. पाड्यावरची शाळा गेली तर साठ शब्द वाचायला पोरच उरणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरू होते. कायद्याने त्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. किती गावांत आपल्या बायांना या सभेची नोटीस मिळते आणि किती गावांत फक्त सही घ्यायला वही घरी येते? पुढच्या सभेला जाताना मोठी भाषणे नकोत, थोडे प्रश्न पुरेत. तिसरीत किती मुले आहेत आणि त्यांतली किती अनोळखी उतारा समजून वाचतात? जी वाचत नाहीत, त्यांना रोज किती वेळ वेगळे शिकवले जाते आणि ते कोण शिकवते? वाचन तपासताना घरच्या उच्चाराला चूक धरतात का? कापूस आणि ऊस यांच्या हंगामात गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी परत आल्यावर काय केले? शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तके मुलांच्या हातात जातात की कुलपात असतात? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या सभेत तेच पान पुन्हा उघडावे. गुरुजींवर धावून जायचे नाही. दोन शिक्षकी शाळेत तिसरा शिक्षक मागायचा असेल तर अर्ज समितीनेच करायचा आहे.

दुसरे काम विहारात. संध्याकाळी तासभर, पोरांनी सांगायचे आणि एखाद्या कॉलेजकुमाराने अहिराणीत उतरवून घ्यायचे, मग सगळ्यांनी मिळून वाचायचे. पन्नास पानी वही आणि एक पेन यांपलीकडे त्याला वर्गणी लागत नाही. बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत पहिले पाऊल टाकले, म्हणून तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाच्या आठवणीत साऱ्या खानदेशातून माणसे जमतात. जुलैअखेरीस शाळा सुरू होऊन दीड महिना झालेला असतो. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक सतरंजी टाकावी. तिसरीतल्या पोरांनी तिथे विहारात लिहिलेल्या आपल्याच वह्या वाचाव्यात. कोणी ‘धुळे’ वाचेल, कोणी ‘धुये’, आणि घड्याळ लावून बसलेले तिथे कोणी नसेल.